भिगवणचा मुक्काम

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकाला नाही, आणि भाजीत मीठ जास्त पडलं तरी जिला फोन करते त्या बहिणीलाही नाही. तुळजापूरला देवीपुढं उभी राहिले तेव्हा तिलासुद्धा नाही. तिला सगळं ठाऊकच असतं म्हणून गप्प राहिले म्हणाल, तर तसंही नाही — तोंडच उघडलं नाही. आता तुम्हाला सांगते. तुम्हालाच का, ते मला नका विचारू.

कन्हेरी गावात माझ्याबद्दल कुणालाही विचारा. म्हणतील, धाकटी फटकळ आहे, पण पोटात काही ठेवत नाही. ऐकलंत? पोटात काही ठेवत नाही म्हणे.

आमच्या घरात आम्ही दोघी जावा. थोरली अक्का, धाकटी मी, नंदा. अक्काला मूलबाळ नव्हतं. पण घर तिचं, रान तिचं, गडीमाणसं तिची. मेथी उपटायला येणाऱ्या बायका माझ्यासमोर उभ्या राहून मलाच विचारायच्या, "अक्का कुठायत?" मी काय तिथं खांब होते का? पण अक्कावर राग धरावा असं तिनं कधी काही केलं नाही. तोच तर त्रास होता. वाईट माणसावर चिडणं सोपं असतं.

माझा लेक प्रशांत कॉलेजात असताना त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. बारामतीच्या हॉस्पिटलात तो कितीतरी दिवस शुद्धीवर नव्हता. मी भिंतीला टेकून नुसती बसलेली. अक्कानं हॉस्पिटलच्या दारात चपला काढल्या, भर माणसांत पदर पसरला आणि म्हणाली, "आई, पोराला उठीव. मी तुळजापूरला पायी येते." मी तिथंच होते. आई मी होते — मग मला का सुचलं नाही ते?

पोरगा उठला. डोळे उघडले आणि पहिला शब्द काय बोलला? "मोठी आई कुठंय?" मोठी आई म्हणजे अक्का. मी त्याचा हात धरून बसले होते. आनंदानं रडले मी, ते खोटं नव्हतं. पण रडता रडता आत काहीतरी खुपलं, तेही खोटं नव्हतं. पुढं गावभर एकच बोलणं — थोरलीच्या नवसानं पोर वाचलं. मी हसून मान डोलवायची. दुसरं काय करणार?

माळेगावचे एक तात्या दरवर्षी कोजागिरीला तुळजापूरला पायी दिंडी नेतात. अक्कानं नाव दिलं. मग मीही दिलं. प्रशांतनं तिला पांढरे कॅनव्हासचे बूट आणून दिले. रोज सकाळी ती कॅनॉलच्या कडेनं चालायची सवय करायची, नऊवारीवर ते बूट घालून, आणि स्वतःलाच हसायची. मी मागून चालायची. आणि मनात एकच — माझ्या लेकासाठी ही चालणार, आणि मी काय, हिच्या सोबतीला?

आता मुक्कामाचं सांगते.

तात्यांची रीत अशी, की सगळ्यांनी आदल्या दिवशी भिगवणला जमायचं. काही जण रेल्वेनं यायचे, काही एसटीनं. तिथं देवीची आरती, तिथंच जेवण, तिथंच मुक्काम, आणि तिथूनच पहिलं पाऊल. वाटेत येऊन मिळणाऱ्याला तात्या घेत नसत. ते म्हणायचे, "सुरुवातीला हाय त्योच शेवटाला हाय." त्या वर्षी नेहमीची जागा मिळाली नव्हती. तात्या मला म्हणाले, "नंदाताई, तुमची तिकडं माणसं हायती, मुक्कामाचं तुमी बघा."

मी बघितलं. स्टेशनच्या बाजूला एका देवळाचा सभामंडप होता. नवी फरशी, पाण्याची टाकी, बायकांची वेगळी सोय. पुजारी म्हणाला, खुशाल या. काम पाच मिनिटांत झालं होतं. मी परत निघाले आणि रस्त्यात थांबले. हायवेच्या कडेला एका हॉटेलात चहा सांगितला, तो आला, त्यावर साय धरली, आणि मी तशीच बसून राहिले.

भिगवण म्हणजे अक्काचं माहेर. पण ती सोळा वर्षं त्या घरी गेली नव्हती. तिची आई वारली तेव्हा भावानं, सुभाषरावांनी, निरोपच उशिरा धाडला. ती पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. तिथंच ती बोलून आली — या घराचा उंबरा मी पुन्हा शिवणार नाही. आणि अक्का बोलली की बोलली. सुभाषरावांनी आता धरणाच्या पाण्याच्या बाजूला मोठं घर बांधलं होतं. गच्चीवर शंभर माणूस झोपेल असं.

आलं ना लक्षात? चहा तसाच टाकून मी उठले आणि सरळ त्या घरी गेले.

सुभाषराव आधी बघतच राहिले. मग त्यांनी विचारलं, "अक्कानं पाठवलं का तुमाला?" मी काय म्हणावं? म्हणाले, "व्हय." त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. घरभर हिंडून त्यांनी मला खोल्या दाखवल्या, अक्का हितं झोपंल, हितून तिला पाणी दिसतंय. त्यांची बायको मंगलवहिनी मागून टॉवेलला हात पुसत यायची. मी सगळ्याला बरं बरं म्हणत होते. त्या माणसाला मी आशेला लावलं, हे मला तेव्हाच कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

तात्यांना सांगितलं, सभामंडप साखरपुड्याला दिलाय, पण अक्काच्या भावाचं घर मोठं आहे, आनंदानं देतायत. तात्या खूश झाले. मोबाइलवर सगळ्यांना निरोप गेला — मुक्काम सुभाषरावांच्या घरी.

अक्का मेथीच्या जुड्या बांधत होती. ऐकलं आणि तिचे हात थांबले. "दुसरीकडं कुठं न्हाय का गं जमत, नंदे?" मी म्हणाले, "न्हाय ओ अक्का. तात्यांनीच ठरवलंय." ती तात्यांना सांगू शकली असती. पण सांगायचं म्हणजे भावाची उणीदुणी काढायची, आईच्या चितेची गोष्ट परक्या माणसापुढं मांडायची. ती ते करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तिच्या भल्या स्वभावाचाच मी पेच केला. बोलायचं नाही आणि उंबराही शिवायचा नाही — मग राहिलं काय तिच्या हातात?

दोन दिवस ती मेथीच्या जुड्याच बांधत राहिली. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि हातात नारळ ठेवला. "आईला सांग, अक्का यायची राहिली. औंदा बोलावणं न्हवतं म्हण." देवीचं बोलावणं आल्याशिवाय कुणाचं जाणं होत नाही, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. मीही म्हणाले, "व्हय अक्का, बोलावणं लागतं." किती सहज म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

भिगवणला सुभाषराव आरती होईस्तोवर फाटकात उभे होते. रिक्षा आली की दोन पावलं पुढं यायचे. शेवटी त्यांनी मला विचारलं. माझ्या हातात फोन होता. एक फोन केला असता, भाऊ बोलला असता, तर ती आली असती — उंबऱ्याची आण मोडून आली असती, मला वाटतं. मी म्हणाले, "त्या न्हाय म्हणाल्या." ते आत गेले आणि जेवायलाही आले नाहीत.

सकाळी निघताना मंगलवहिनींनी माझ्या हातात एक हिरवी साडी दिली. अक्काची ओटी भरायला आणलेली. "ह्यांनी सोता दुकानात जाऊन घेतलीया. फॉल मी लावला. हिरवा दोरा संपला, रातच्याला कुठं मिळंना, मग लाल दोऱ्यानंच लावला. त्यांनी घेतली तर द्या." मी ती पिशवीत तळाशी घातली.

आणि चालले. पहिले दोन दिवस मला इतकं मोकळं वाटलं की काय सांगू. बायका माझं नाव विचारत होत्या. कुणी म्हणत नव्हतं, अक्का कुठायत. इंदापूरच्या पुढं पायाला फोड आले, त्याचंही मला कौतुक वाटलं. माझ्या लेकासाठी माझे फोड. हे सांगताना लाज वाटते, पण तसं वाटलं होतं, ते वाटलं होतं. देवळात गर्दीनं पुढं ढकललं, नारळ दिला, आणि अक्काचा निरोप सांगायचा तेव्हा शब्द फुटला नाही. निरोपसुद्धा पोचवला नाही मी.

घरी आले तर अक्का दारात गरम पाणी घेऊन बसलेली. तिनं माझे पाय धुतले. फोडांना हळद-तेल लावलं. आणि मग थोरल्या जावेनं धाकटीच्या पायावर डोकं ठेवलं. मी पाय मागं ओढले, तर म्हणते कशी, "गप गं, आईकडनं आलेत ते पाय."

साडी द्यायची होती. भावानं दिली म्हणाले असते तर तिनं फोन केला असता, आणि मग सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून मी म्हणाले, तुळजापूरची आहे, देवीच्या पायाला लावून आणलीय. तिनं ती उलगडली, फॉल बघितला. "लाल दोऱ्यानं लावलाय व्हय गं?" मी म्हणाले, "देवीचा रंग हाय त्यो." अक्कानं ती कड उचलली आणि डोळ्यांना लावली.

पुढल्या वर्षी तिचे गुडघे गेले, मग साखर वाढली. प्रशांतनं तिला गाडीनं दर्शनाला नेऊन आणलं, पण नवस पायी होता, तो राहिला तो राहिलाच. कुणी विचारलं की म्हणायची, मला बोलावणंच न्हवतं. ती हिरवी साडी दर नवरात्रात नेसायची. बूट झिजेपर्यंत रानात वापरले. गेल्या वर्षी अंथरुणाला खिळली तेव्हा एका दुपारी मला जवळ बसवून म्हणाली, "नंदे, माझ्या हातनं काय चुकलं असंल गं? समद्यांना बोलावती, मलाच कसं बोलावलं न्हाय आईनं?"

त्या वेळी खोलीत आम्ही दोघीच होतो. दार लोटलेलं होतं. याहून सोपी वेळ कुणाला मिळते? मी म्हणाले, "गोळी घ्या अक्का, वेळ झाली."

चार दिवसांनी ती गेली. आधीच सांगून ठेवलं होतं तिनं, मला माहेराकडची साडी नको, देवीची नेसवा. आम्ही ती नेसवली. या वेळी निरोप मीच धाडला, लवकर धाडला, आणि सुभाषराव वेळेत पोचले. काखेत पिशवी, पिशवीत माहेरची म्हणून आणलेली नवी साडी. मंगलवहिनी अक्काच्या पायाशी बसल्या, निऱ्या नीट करायला वाकल्या, आणि कडेशी त्यांचा हात थांबला. त्यांनी तो दोरा बोटानं चाचपला. मग वर माझ्याकडं बघितलं. किती वेळ बघत होत्या. कड आत दुमडली आणि अक्काचे पाय झाकले.

सुभाषराव दारातच उभे होते, हातातली साडी कुणाकडं द्यावी ते कळत नसल्यासारखे. म्हणाले, "अंगावर हाय ती कुठली साडी?"

मंगलवहिनींनी मान वर केली नाही. मी म्हणाले, "तुळजापूरची."