गुळाचं पाणी आणि तळेघरचं भात

भातावर गुळाचं पाणी फवारा म्हटलं की आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, फोनवर तेच पालुपद: "भात काय पावणं हाय व्हय, गोड खायाला घालाया?" मोबाइलवर एका व्हिडिओत भातावर गूळपाणी मारत होते, मी तेच सांगितलं. गूळ तेवढा चौपट सांगितला. मी नववी नापास, सिल्वासाला डब्यांच्या कारखान्यात. शेतीचे सल्ले मात्र फुकट देतो. आमचं भाताचं खाचर एकच. खायचं भात त्यातलं, बियाणंही त्यातलंच. बिघडलं तर दोन्ही गेलं, म्हणून दिवाळीला बघायला निघालो.

आमच्या तळेघरला जाणार असाल तर मंचरला मिसळ खा, मला ऐंशी रुपये पडले. घोडेगावहून भीमाशंकरची एसटी धरा. गाड्या कमी, चुकली की बसा. मी भांडून खिडकी मिळवली आणि शिनोली यायच्या आत झोपलो. उठलो तर तळेघर मागं गेलेलं. कंडक्टर म्हणाला, "राव, आता दर्शनच घ्या!" दोन किलोमीटर उलटा चाललो.

खाचरात पाहिलं तर बांधाकडच्या तीन ओळींची पानं टोकाला करपलेली, काळपट, मुंग्या लागलेल्या. लोंबी दाबली, निम्मी पोचट. बाकी भात मात्र दाण्यांनी वाकलेलं.

बहीण सुमी घोडेगावला शेतीचं शिकते. ती म्हणाली, "दाट पाण्यानं करपलंच, पण दुसरंही आहे दादा. पान उन्हात साखर करतं, दाणा ती ओढतो. दाणा ओढतोय तोवर पान राबतं. पानातच साखर तुंबली की पानाला कळतं, लई झालं. मग ते नवी करायची कमी करतं. तू भरल्या ताटावर वाढलंस."

"मग तीनच ओळी कशा?"

आप्पा बांधावरून म्हणाले, "तुजं मन राखाया तीन. पोट राखाया बाकीचं तसंच ठेवलं."

मी मुंग्या मोजत बसलो. निघताना खिशातले सगळे पैसे पुढं केले, तर आप्पांनी हात मागं घेतला. "पैसंबी दाट नगं मारू. लागलं की मागतो."

सिल्वासाला परत येऊन आठवडा झाला. गूळ आता चहातच घालतो. डोक्यात राहिलं ते आप्पांनी तीन ओळींत राखलेलं माझं मन. काल त्यांचा फोन आला: भाताच्या झोडणीला ताडपत्री पायजे. कुणी मागितलं की ओव्हरटाइमही जड जात नाही राव. ताडपत्रीचे तेवढे पाठवतोय, एक पैसा जास्त नाही: एक हजार चारशे पन्नास रुपये.