डागणीला फूल नाही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांइतका चिडका माणूस आलमबागेतच काय, अख्ख्या लखनौत झाला नसेल. जनावरांचे डॉक्टर म्हणून ते निवृत्त झाले आणि जन्मभर गाईम्हशींपुढे गिळलेला राग त्यांनी माणसांवर काढायला घेतला. दूधवाल्यावर चिडत, सब्जीवाल्यावर चिडत. "दादाजी, चिल" म्हणणाऱ्या नातीवर तर दोनदा चिडत. एकदा चिल म्हणाली म्हणून आणि एकदा मराठीत म्हणाली नाही म्हणून. माणसाला लाथ झाडता येत नाही म्हणून तो बडबडतो, असं त्यांचं निदान होतं.

खंडेनवमीला मात्र ते गप्प असत. दवाखान्यातून मोडीत निघालेली जुनी हत्यारं पाटावर मांडत: औषध पाजायचा बांबूचा नळा, खूर तासायची सुरी, पोट फुगलेल्या गाईच्या कुशीत खुपसून वायू काढायची टोकदार नळी. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. फक्त डागणी कोरडी. पूर्वी लंगड्या बैलाला उपचार म्हणून ती लालबुंद तापवून डाग देत.

"धुवायची, पुसायची, मांडायची. फूल नाही," काका म्हणत. "नोकरीत नवा होतो, साहेबाच्या हुकमानं डाग दिले. बैल माझ्याकडंच बघत होता रे."

एका नवमीला ती टोकदार नळी गायब. काकांच्या मुलानं मित्राच्या कॅफेत शोभेला दिली होती. "पापा, जंग लगा लोहा है, यार," तो म्हणाला. माझंही डोकं फिरलं. याच लोखंडावर हा घोडा पोसला गेला होता. काकांना स्कूटरवर घेऊन मी तडक निघालो. नळी भिंतीवर टांगलेली आणि खाली पाटी, 'नवाबी खंजीर'. काका खुर्चीवर चढले, तसा मॅनेजर धावत आला.

"भैया, इससे कोई मरा नहीं," काका खुर्चीवरूनच म्हणाले. "बख्शी का तालाब के गाँवों में जाके पूछो, कितनी गायें उठके खड़ी हुईं." नळी काढून त्यांनी सदऱ्यात घातली.

परतताना मागून आवाज आला, तो चिडलेला नव्हता. "माझ्यामागं तू मांडशील का हे? तो गाढव भंगारात घालेल." मी हो म्हणालो.

काका गेल्यानंतरची ही पहिली खंडेनवमी. सगळं माझ्या घरी मांडलं. फुलं वाहताना चुकून एक डागणीवरही गेलं आणि मी खालून येणाऱ्या ओरड्याची वाट पाहत थांबलो. कोणी ओरडलं नाही. त्या शांततेचा मला भयंकर राग आला. शेवटी फूल मीच उचललं.