विल्मरचा केसाळ्या

थापा मारणं हाच विल्मर थिगपेनचा धंदा होता, आणि धंद्याला माणूस मोठा इमानी. लुईझियानाच्या त्या दलदलीच्या तळ्यात तो पाहुण्यांना बोटीतून हिंडवायचा. पाण्यात उभी सायप्रसची झाडं, फांद्यांवरून लोंबणाऱ्या शेवाळाच्या करड्या दाढ्या, आणि मधेच विल्मर आवाज खाली आणून सांगणार, "इथं केसाळ्या राहतो बरं का. माझ्या आज्यानं डोळ्यांनी पाहिलाय." आजा कसला पाहतोय! ताटातल्या माशावरून त्याची नजर कधी हलली असेल तर शपथ.

केसाळ्या म्हणजे विल्मरचा चुलतभाऊ एल्झी. साठी उलटलेला, बिनलग्नाचा, हौशी. झाडांच्या त्याच दाढ्या अंगभर गुंडाळून तो ठरलेल्या सायप्रसआड पाण्यात उभा राहायचा. बोट आली की हंबरायचा. विल्मर "मेलो, मेलो!" म्हणत बोट पळवायचा, बायका किंचाळायच्या, काम फत्ते. संध्याकाळी दोघं तळलेला कॅटफिश खात पोट धरून हसायचे.

"त्या दाढीत किडे असतात रे. सगळं अंग खाजतं," एल्झी कुरकुरायचा.

"मग खाजव की! तेवढाच खरा वाटतोस."

त्या शनिवारी मात्र केसाळ्या हंबरून गप्प बसला नाही. पुन्हा ओरडला. मग घसा फोडून ओरडला, "विल्मर! अरे विल्मर!"

बोटीतली एक बाई थिजलीच. "अगंबाई! तो तुमचं नाव घेतोय!"

विल्मरला वाटलं, पठ्ठ्यानं आज नाटकात भर घातली. तो ऐटीत म्हणाला, "घेणारच. जुनी ओळख आहे आमची." आणि त्यानं बोट वळवली. पाहुणे हसत होते, तोही हसत होता, मागून हाका येतच होत्या.

पाहुणे धक्क्यावर उतरून गेले, तरी एल्झीचा पत्ता नाही. तेव्हा कुठं विल्मरला त्या हाका आठवल्या. तो तसाच उलटा गेला. एल्झी सायप्रसच्या मुळाला मिठी मारून पाण्यात होता. पाय खालच्या मुळांत अडकून मोडलेला, ओठ निळे पडलेले.

"ऐकू आलं नाही का रे?"

विल्मर त्याच्या अंगावरच्या ओल्या दाढ्या ओरबाडत राहिला. वर न बघता म्हणाला, "इंजिनाचा आवाज होता."

"तेच म्हटलं मी. ऐकलं असतंस तर आला असतास."

ते वाक्य विल्मरला खात राहिलं. रोज तो एल्झीकडे जेवण घेऊन जायचा. आज सांगून टाकू, असं वाटेवर ठरवायचा, आणि तिथं जाऊन उशी नीट करून परत यायचा. मेल्याची जीभ एरवी केवढी चालायची!

पुढं एल्झी प्लास्टरातला पाय घेऊन धक्क्यावर खुर्ची टाकून बसायला लागला. एक दिवस नवे पाहुणे आले. त्यातली एक पोरगी बोटीत चढता चढता म्हणाली, "काका, तुमचा केसाळ्या तुम्हाला नावानं हाका मारतो ना? माझ्या मावशीनं ऐकलंय. ती म्हणाली, तुम्ही तर हसत होतात!"

एल्झीनं मान वर केली. विल्मर दोरी सोडवत होता, ती त्याला सुटेना.

"सांग की तिला," एल्झी हळूच म्हणाला. "गोष्ट सांगण्यात तुझा हात कोण धरणार?"