खाली यायची सोय

ऑफिसात त्यांना तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे मोडतोडताई. दोन्ही त्यांच्या कानावर होतं आणि राग एकाचाही नव्हता, कारण कामच तसं होतं. ती कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. पोरं ते लिहायची आणि ताई ते मोडून दाखवायच्या. टेस्टर होत्या त्या.

"शहाण्यासारखं वापरलं तर काहीही चालतं," त्या म्हणत. "मी घाईत असल्यासारखं वापरते. नवऱ्याशी भांडून आल्यासारखं वापरते."

एकदा त्यांनी उद्या जन्मणाऱ्या बाळाचं नाव पेशंट म्हणून घातलं. सॉफ्टवेअरनं काही हूं की चूं न करता बाळाला परवा अक्कलदाढ काढायची वेळ दिली, आणि वर 'येताना जुने एक्स-रे आणावेत' असा निरोपही धाडला. तो भाग लिहिणारा दाढीवाला प्रोग्रॅमर कपाळाला हात लावून म्हणाला, "ताई, असं कोण करतं हो?"

"कोणी ना कोणी करतंच बाबा. देवानं माणसं काय एका साच्यात घातलीत?"

सकाळी मशीन सुरू करण्याआधी त्या डोळे मिटून क्षणभर हात जोडायच्या. समोरच्या बाकावरची पोरं तेवढ्यात एकमेकांकडे बघून घ्यायची, की आज कोणाची पाळी! चूक सापडली की ताईंच्या चेहऱ्यावर हरवलेली किल्ली हाती लागल्यासारखा आनंद दिसे. असं सगळं छान चाललेलं होतं, आणि छान चाललेलं कोणाला बघवतं?

त्यांचा मॅनेजर नोकरी सोडून गेला. मोठ्या साहेबांनी ताईंना बोलावलं.

"तुम्हाला सॉफ्टवेअरमधल्या चुका दिसतात. म्हणजे माणसांमधल्याही दिसतील. उद्यापासून तुम्ही मॅनेजर."

ताईंना नाही म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. पण साहेबांनी आधीच हात पुढे केला होता, आणि पुढे केलेला हात तसाच लोंबकळत ठेवायचा ताईंचा स्वभाव नव्हता. त्यांनी हात मिळवला. झालं, अडकल्या.

घरी सासूबाईंना आनंद मावेना. सात पिढ्यांत कोणी मॅनेजर झालं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. मागच्या तीन पिढ्या सोडल्या तर त्यांनाही कोणाचं काही माहीत नव्हतं, पण ते असो. सगळ्या इमारतीत बातमी गेली. "आमची सून आता स्वतः काही करत नाही बरं का," त्या शेजारणीला सांगायच्या, "नुसती दुसऱ्यांकडून करवून घेते."

ताईंच्या काळजाला नेमकं तेच टोचायचं. दिवसभर मीटिंगा. एका मीटिंगमध्ये काय झालं ते सांगायला दुसरी. आठवड्यातून एकदा मोठ्या पडद्यावर रंगीत चौकोन यायचे. काम ठीक असेल तर हिरवा, कुरकुरत असेल तर पिवळा, गाडं अडलं असेल तर लाल. ताईंनी पहिल्याच आठवड्यात दोन चौकोन लाल केले. साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

"अहो, लाल नका करू. वरच्या लोकांना लाल सोसत नाही."

"पण साहेब, अडलंय ते."

"अडलंय हे आपल्याला माहीत आहे ना? मग झालं. पिवळा करा."

ताईंनी पिवळा केला. घरी जाऊन देवापुढे उभ्या राहिल्या, तर काय मागावं ते सुचेना. लालचा पिवळा केल्याबद्दल क्षमा मागायची, तर उद्या पुन्हा करावा लागणारच होता.

मग जेवणाच्या सुट्टीत त्या चोरून टेस्टिंग करायला लागल्या. सगळे खाली जेवायला गेले की कोपऱ्यातल्या रिकाम्या मशीनवर बसायचं, डबा मांडीवर, एक घास आणि एक चूक. कोपऱ्यातल्या मशीनवर नोकरी सोडून गेलेल्या एका टेस्टरचंच नाव चालू होतं, त्यामुळे चुका त्याच्या नावानं नोंदल्या जायच्या. दाढीवाला मॅनेजरकडे, म्हणजे ताईंकडेच, तक्रार घेऊन आला.

"ताई, कोणीतरी दुपारी येऊन माझं सगळं मोडून जातंय. अगदी तुमच्यासारखं. तुमच्याइतकं नीट नाही म्हणा."

"नीट नाही म्हणजे?" ताई फणकारल्या, आणि मग सावरून म्हणाल्या, "बघते मी. आवरते त्याला."

त्यातच एका दुपारी एक वाईट चूक सापडली. पेशंटचा पत्ता बदलला, की त्याला कुठलं औषध सोसत नाही ही नोंद गुपचूप पुसली जायची. ताईंचा घास हातातच राहिला. त्या उठून थेट साहेबांकडे गेल्या.

"शुक्रवारी नवं सॉफ्टवेअर सगळ्या दवाखान्यांत जायचंय," साहेब म्हणाले. "दाताच्या पेशंटमधले पत्ता बदलतात तरी किती? पुढच्या खेपेला दुरुस्त करू. पिवळा."

ताईंनी पिवळा केला. त्या संध्याकाळी भाजी करपली.

"काय झालंय?" नवऱ्यानं विचारलं. तो गाडी शिकवायचा. शिकाऊ माणसं चालवणार आणि हा शेजारी बसणार, असा त्याचा धंदा.

ताईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "अहो, मला परत टेस्टर व्हायचंय. पगार कमी होईल."

"होऊ दे. करपलेली भाजी कुठे रोज खायची?" तो म्हणाला. "आणि माझ्या गाडीत ना, शेजारच्या सीटलाही एक ब्रेक असतो. चालवणाऱ्याला राग येतो. तरी मी दाबतो."

"आईंना काय सांगायचं?"

इथे मात्र तो धीराचा माणूस एकदम ताटात बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी ताई एचआरच्या मुलीकडे गेल्या. मुलगी नवी, नियमाला पक्की. तिनं सगळं ऐकून घेतलं, मशीनवर खूप शोधलं आणि म्हणाली, "ताई, वर जायची सोय आहे. बाहेर जायचीही आहे. खाली यायची नाही. आजवर कोणी मागितलीच नाही ना."

"मग?"

"एक करता येईल. तुमच्याच टीममध्ये टेस्टरची जागा रिकामी आहे. तुम्ही उमेदवार म्हणून अर्ज करा. मुलाखत होईल, निवड झाली की झालं."

ताईंनी अर्ज केला. थोड्याच वेळात ती मुलगी पडलेल्या चेहऱ्यानं आली.

"मुलाखत उद्या आहे. घेणार टीमचा मॅनेजर."

"म्हणजे मी?"

"म्हणजे तुम्ही. मशीन दुसरं नाव घेतच नाही."

ताईंचे डोळे चमकले. चूक होती ही, आणि चांगली गुबगुबीत चूक! एचआरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कुठल्या कंपनीकडून घेतलेलं होतं. ताईंनी त्यांना रीतसर कळवलं. तासाभरात उत्तर आलं, 'अशी परिस्थिती प्रत्यक्षात उद्भवत नाही, असे आमचे मत आहे.'

"मी उद्भवलेय की इथे!" ताई म्हणाल्या. पण उपयोग शून्य. मोठे साहेब बाहेरगावी होते आणि फोन उचलत नव्हते.

गुरुवारी काचेच्या खोलीत मुलाखत झाली. नियमाप्रमाणे साक्षीला एचआरची मुलगी, समोर टेबल, दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची. काचेबाहेर दाढीवाला आणि बाकीची पोरं पाण्याच्या बाटल्या भरायला एकदम आली होती. इतकी तहान त्या ऑफिसला कधी लागली नव्हती.

"मी दोन्हीकडून कशी बोलू गं?" ताईंनी विचारलं.

"प्रश्न त्या खुर्चीवरून, उत्तर या," मुलगी गंभीरपणे म्हणाली. "म्हणजे मला लिहिताना घोळ होणार नाही."

ताई मॅनेजरच्या खुर्चीत बसल्या. "पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" उठल्या, टेबलाला वळसा घालून समोर बसल्या. "इथेच. याच खुर्चीवर. त्या नाही." पुन्हा उठल्या. "तुमच्यातला दोष सांगा." वळसा. "नाही म्हणता येत नाही." बाहेर एकाच्या नाकातून पाणी आलं.

"सध्याचं काम का सोडताय?" ताईंनी विचारलं, आणि पदर सावरत समोर जाऊन बसल्या. दमही लागला होता.

"माझा मॅनेजर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मुलीनं मान वर केली. "तुमचा मॅनेजर काय?"

"माझा मॅनेजर खोटं बोलतो. औषधाची नोंद पुसली जातेय हे त्याला ठाऊक आहे. तरी त्यानं चौकोन पिवळा ठेवलाय. उद्या ते सगळीकडे जाईल. उद्या कोणीतरी घर बदलेल, दाढ दुखेल, आणि डॉक्टर नको ते औषध देईल."

बाहेर कोणाची तरी बाटली भरून वाहायला लागली. आता ताईंना उठून मॅनेजरच्या खुर्चीत जायचं होतं. मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, उठल्या, वळसा घातला, बसल्या. पण प्रश्न काही विचारला नाही. समोरचा लॅपटॉप ओढला, चौकोन उघडला आणि लालभडक केला. खाली लिहिलं, 'शुक्रवारी जाणार नाही.'

कालपासून फोन न उचलणाऱ्या साहेबांचा फोन लगेच वाजला. लाल चौकोनाचा निरोप थेट वरच्या लोकांना जातो, हे चौकोनांच्या सॉफ्टवेअरमधलं एकमेव काम कधी बिघडलं नव्हतं.

"हे काय केलंत? वरून तीन फोन आले मला!"

"साहेब, पेशंटच्या जिवाशी खेळ आहे."

"माझ्याशी बोलायचं होतंत!"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात पिवळा."

साहेबांचा आवाज चढला. "ताई, स्पष्ट सांगतो. मॅनेजर व्हायची तुमची लायकीच नाही!"

"तेच सांगतेय मी तुम्हाला," ताई जीव तोडून म्हणाल्या. "इथे माझी मुलाखतच चाललीय त्यासाठी."

"कुठली मुलाखत? कोण घेतंय?"

"मीच."



"मुलाखत घेणाऱ्याचं मत काय?" साहेबांनी विचारलं. आवाज दमलेला होता.

ताईंनी एचआरच्या मुलीकडे पाहिलं. ती लिहायला पेन उचलून बसली होती.

"उमेदवार बरी आहे," ताई म्हणाल्या. "जरा तोंडाळ आहे. पण घ्यावी."

"घ्या," साहेब म्हणाले. "आणि ती दुरुस्ती सोमवारपर्यंत हवी मला. वर काय सांगायचं ते मी बघतो."

दाढीवाल्यानं बाटली तिथेच ठेवली आणि दुरुस्तीला बसला. ताई त्याच्या शेजारच्या मशीनवर जाऊन बसल्या, हात जोडले, आणि त्यानं अजून काही लिहिलंही नव्हतं तेवढ्यात म्हणाल्या, "कर तू. मी आहेच मोडायला."

आता घरी सासूबाईंना सांगायचं होतं. नवरा मुद्दाम स्वयंपाकघरात भांडी लावत बसला होता. लावलेलीच पुन्हा लावत होता.

"आई, मी आता मॅनेजर नाही. परत चुका काढायच्या कामाला लागले."

सासूबाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"काढलं तुला?"

"नाही हो. मीच उतरले," ताई म्हणाल्या आणि काचेच्या खोलीत काय काय झालं ते सगळं सांगून टाकलं.

"उतरलीस," सासूबाई म्हणाल्या. "चुका काढायचा पगार देतात?"

"देतात की."

"आणि मी तुझ्या इतकी वर्षं फुकट काढतेय!" असं म्हणून त्या फणकाऱ्यानं आत गेल्या. बहिणीला फोन लावला. दार उघडंच होतं. ताई श्वास रोखून ऐकत राहिल्या.

"हो गं, ऑफिसातच झालं," सासूबाई सांगत होत्या. "तो मॅनेजर खोटारडा निघाला. लोकांच्या जिवावर उठला होता. आमच्या सुनेनं सगळ्यांदेखत त्याला समोर बसवलं, कबूल करायला लावलं आणि काढूनच टाकलं. ...नाही नाही, त्याचं नाव नको विचारूस. आपल्यातलाच आहे."