काटा बिघडायचा तेव्हा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत दातांच्या डॉक्टरकडून नुकतीच बाहेर पडले होते. अर्धं तोंड बधिर. "हे गेले वं, सुनंदा..." एवढंच त्या बोलल्या. मी काहीतरी विचारायला गेले, पण जिभेला वळण नव्हतं, नुसते तुटके आवाज निघाले. वहिनींना वाटलं मी रडतेय. त्याच मला म्हणाल्या, "रडू नको, बाई. झोपेतच गेले, तरास झाला नाही." मी रडत नव्हते हो! मला तोवर रडू आलंच नव्हतं. जिचा नवरा गेला तिच्याकडून मी फुकटचं सांत्वन घेतलं, हे आठवलं की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सुधाकर तायडे, अकोल्याचे, माझे धंद्यातले भागीदार. मी त्यांना दादा म्हणायची. कापूस, तूर, सोयाबीन भरलेल्या गाड्या तोलायचे मोठे काटे असतात, त्यांना लागणारा प्रोग्राम मी लिहायची आणि तो जागोजागी बसवून चालता ठेवायचं काम दादांचं. गाडी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरवर येतं, पावती निघते, एवढाच खेळ. पण काट्याची वायर कोणत्या पोर्टला जोडली आहे, पावतीवर नाव कोणाचं छापायचं, असली बारीकसारीक माहिती विंडोजच्या पोटात रजिस्ट्री नावाची एक जागा असते, तिथे ठेवलेली. प्रोग्राम उघडला की आधी तिथून वाचून घेतो आणि मगच कामाला लागतो. आता झाडझूड करताना कोणी ती वायर उपटून शेजारच्या भोकात खोचली, की पोर्टचा नंबर बदलला. रजिस्ट्रीत मात्र जुनाच. सासूने मिठाचा डबा हलवला आणि सुनेला सांगितलंच नाही, तसं. मग पडद्यावर वजन शून्य, बाहेर गाड्यांची रांग आणि दादांना फोन.

दादा पिशवी खांद्याला मारून निघायचे. चांदूर बाजार म्हणू नका, नांदगाव खंडेश्वर म्हणू नका. जाऊन रजिस्ट्री उघडायची, नंबर बदलायचा, झालं. आणि परत यायचे अंधार पडल्यावर! मी तापट बाई, तोंड सोडायची. "दोन मिनिटांचं काम दादा, दिवस कुठे गेला?"

"अवं, काम दोन मिनटाचंच आहे. पण आलुबोंडा खाऊ घातल्याबिगर कोणी उठू देते काय?"

मग कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाचे भाऊ वेगळे निघाले, सगळं साग्रसंगीत. मी म्हणायची, मला सोयरिकी नकोत, पोर्ट नंबर सांगा. तो नंबर दादा हटकून विसरलेले असायचे.

दादांच्या हृदयात स्प्रिंग बसवली आणि डॉक्टरांनी दगदग बंद सांगितली. मी कामाला लागले. प्रत्येक काट्याच्या कॉम्प्युटरमधली रजिस्ट्री मला अमरावतीत बसून वाचता येईल, चुकलेला नंबर इथूनच दुरुस्त करता येईल, असं कोडात लिहिलं. दादांसाठीच केलं, खोटं कशाला बोलू. फोन आला की मी चहा पिता पिता दुरुस्त करायची आणि स्वतःवरच खूश व्हायची. दादा रोज दुपारी विचारायचे, "कोणाचा फोन आला काय?" मी ऐटीत सांगायची, "नाही, सगळं चालू." "बरं," म्हणायचे आणि थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवायचे...

एक काटा तेवढा राहिला. नांदगावच्या पुढे नामदेवभाऊंचा. तिथे फोन लागायचा पण इंटरनेट नव्हतं, त्यामुळे जावंच लागे. आणि नेमका तोच सारखा बिघडायचा! सहज भेटायला म्हणून दादांना आम्ही घराबाहेर पडू देत नव्हतो, ना वहिनी, ना मी. पण काम निघालं म्हटल्यावर कोण अडवणार? जायचे. मी धास्तावून असायची, वाटेत काही झालं तर? शेवटी वैतागून प्रोग्रामच बदलला. रजिस्ट्रीत नंबर कोणताही असो, तो चुकीचा निघाला तर प्रोग्रामने स्वतःच सगळे पोर्ट धुंडाळायचे, काटा सापडेल तो नंबर घ्यायचा आणि रजिस्ट्रीत लिहून टाकायचा. तो तिथे बसवायला मी दादांनाच धाडलं. म्हटलं, ही शेवटची खेप.

"आता काहीच बिघडनार नाही?"

"नाही."

"लय चांगलं केलं." मग म्हणाले, "मंग मी काय करू वं?"

मी हसले. आराम करा, म्हटलं. त्या हसण्याची आता शिसारी येते.

दादांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला नामदेवभाऊ आले होते. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले. "बाई, एक सांगू? तो काटा बिघडत नव्हता. वायर मीच काढून दुसरीकडे लावत होतो. दादानंच सांगतलं होतं तसं. म्हणे, घरात जीव घाबरा होते, कामाचा फोन आला तं निघता येते. मंग तुमचा तो नवा प्रोग्राम आला. वायर कोठीही लावा, वजन येऊनच राह्यलं! म्या साऱ्या भोकात लावून पाह्यलं. फोन करून सांगतलं, दादा, आता बिघडतच नाही. तं हासले. म्हणे, जाऊ दे, पोट्टीनं लय मेहनतीनं केलं आहे, तिले नको सांगू."

तेव्हा रडले मी. चारचौघांत, हमसून हमसून.

डॉक्टर म्हणतात, फिरत राहिले असते तर आधीच गेले असते. असेलही. मला कोणी बोल लावत नाही, वहिनी तर नाहीच. पण त्या माणसाला घराबाहेर काढणारी एकच वाट उरली होती, आणि ती मी हुशारी करून बुजवली. मला सरळ सांगितलं असतं तर? मी ऐकलं नसतं. डॉक्टरांचं नाव घेऊन दटावलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात मी एकटीच नांदगावला गेले. काट्याच्या खोलीत खिडकीशी एक लोखंडी खुर्ची होती, पाठीला उशी बांधलेली. नामदेवभाऊंनी ती पुढे ओढली. "बसा. दादाची आहे. दुखणं झाल्यावर त्यांच्यासाठी उशी बांधली होती." मी बसले. माझी सगळी हुशारी काढून टाकली आणि जुना प्रोग्राम परत घातला. रजिस्ट्रीत असेल तोच नंबर वाचायचा, नाही जमलं तर शून्य दाखवायचं.

"भाऊ, पहिल्यासारखं करून दिलं," मी म्हटलं. "वायर हलवली की बिघडेल आता."

नामदेवभाऊंनी वायरीला हात घातला आणि तसाच मागे घेतला.

"आता कोणासाठी बिघडवू, बाई?"