लाल फडक्यातला अर्ज

माझ्या देवघरात पोथीच्या लाल फडक्यात एक कागद अकरा वर्षे घडी घालून पडला होता. घरात कुणालाच तो माहीत नव्हता. रोज अंघोळ करून मी देवापुढे बसायचो, फडके सोडायचो, अध्याय वाचायचो आणि पोथी पुन्हा त्या कागदासकट बांधून ठेवायचो. आता माझे वय शहात्तर आहे. देवाने आमच्या घरावर काय कृपा केली ते सांगायचे, तर त्या कागदापासूनच सुरुवात करावी लागेल, आणि त्यात माझी चूक जशी आहे तशीच लिहावी लागेल.

मी सांगवीचा. प्राथमिक शाळेत मास्तर होतो, म्हणून गावात गुरुजी आणि घरात आबा. माझी नात तनुजा जन्मली तेव्हा रडली नाही. पुढे डॉक्टरांनी सांगितले, मेंदूला प्राणवायू कमी पडला, याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. उजवा हात आकसलेला, उजव्या पायाची टाच जमिनीला टेकत नाही, बोलताना शब्द ओढून येतात. बुद्धी मात्र अशी तल्लख की मी पाढा म्हणताना एक घर चुकलो तर ती टाळी वाजवून मला थांबवायची. आमचे कुलदैवत नीरा नरसिंहपूरचे. ती वर्षाची असताना मी त्या पायरीवर डोके टेकून बोललो, "हिला बरी कर. बरी झाली की माझ्या हाताने चालवत हिला वर आणीन. तोवर दर पौर्णिमेला मी एकटाच येईन." आणि तसा जात राहिलो. येताना नीरा-भीमेच्या संगमाचे पाणी बाटलीत भरून आणायचो आणि तिच्या हातापायाला लावायचो. थोडी मोठी झाल्यावर ती एकदा म्हणाली, "आबा, ही नीरा आपल्या घराच्या मागनंच जाती की. मग एवढ्या लांबनं कशाला आणता?" मी म्हणालो, तिथे देवाचे पाय लागलेले असतात. ती म्हणाली, "मग बरं. आपल्या हितं नुसत्या म्हशींचं लागतात." तिचे असेच असते, तुम्ही डोळे पुसावेत की हसावे ते कळत नाही.

ती चार वर्षांची असताना बारामतीत तपासणीचे शिबीर झाले. सूनबाई अर्चना तिला कडेवर घेऊन दिवसभर रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी तपासून अर्ज भरला, फोटो चिकटवला आणि सांगितले, पुढच्या आठवड्यात हा दवाखान्यात जमा करा, दिव्यांग दाखला मिळेल, त्यावर पोरीला पुष्कळ सोयी मिळतात. माझा मुलगा कंपनीत, त्याला सुट्टी नाही. अर्ज-कागदांचे काम घरात माझ्याकडेच असायचे. मी तो घेऊन निघालो आणि बसमध्ये सहज वाचला. एका ओळीत दोन चौकोन होते, तात्पुरते आणि कायमचे. डॉक्टरांनी कायमचे या शब्दापुढे खूण केली होती.

त्या खुणेवर माझी नजर खिळली. मला वाटले, हा कागद मी माझ्या हाताने दिला तर मीच देवाला लिहून दिले की तुझ्यावर माझा भरवसा नाही. इकडे दर पौर्णिमेला बरी कर म्हणायचे आणि तिकडे सरकारकडे ती बरी होणार नाही म्हणून शिक्का मागायचा, हे मला जमेना. मी स्टँडवर उतरलो, चहा प्यायलो आणि परतीच्या बसने घरी आलो. अर्ज पोथीत बांधला. अर्चनाला सांगितले, "नाकारला. पोर लहान आहे, नियमात बसत नाही म्हणाले." आयुष्यभर मुलांना खरे बोला म्हणून सांगणारा मी ते वाक्य न अडखळता बोललो.

गुरुजींनी सांगितले म्हणजे ते खरे, असे अर्चनाने धरले. पुढे गावच्या आरोग्याचे काम बघणाऱ्या आशाताई म्हणाल्या, शाळेतल्या बाई म्हणाल्या, शेजाऱ्यांनी सुचवले. तिचे उत्तर ठरलेले, "आमचं एकदा नाकारलंय. आबा सोता गेलते." ती सरकारला मनापासून शिव्या द्यायची. मी समोर ताटावर मान खाली घालून जेवत असायचो.

मागच्या वर्षी तनू दहावीत आली. ती डाव्या हाताने लिहिते, अक्षर सुरेख, पण एका पानाला इतरांना लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागतो. सहामाहीला तिचे तिन्ही मोठे पेपर अर्धे राहिले. येत असून राहिले. वर्गशिक्षिका घरी आल्या आणि म्हणाल्या, "दाखला असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, लेखनिकही मिळतो. नसेल तर माझा इलाज नाही." अर्चना म्हणाली, "मी परत कुणाच्या दारात उभी राहणार न्हाय, बाई." तनू अपुऱ्या राहिलेल्या उत्तरपत्रिका एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवत बसली.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. नरसिंहपूरला गेलो, अभिषेक केला, पण तोंडातून मागणे निघेना. काय मागणार? दाखला मागायला देवाकडे जायचे कारण नव्हते, तो तर माझ्याच देवघरात अडकला होता. तसाच इंदापूरला आलो आणि बारामतीच्या बसमध्ये पहिली रिकामी सीट दिसली तिथे बसलो.

निमगाव केतकीला एक बाई चढल्या. पन्नाशीच्या असतील, पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट, पायरीवर त्याचा खणखण आवाज झाला. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, सरका जरा. ही आमची सीट हाय."

"तुमची?"

"वर लिवलंय बघा."

वर दिव्यांगांसाठी राखीव असे लिहिले होते. मी चटकन उठू लागलो, तर त्यांनी दंड धरून बसवले. "उठू नका, दोघांची हाय. मला खिडकी द्या म्हंजी झालं." वाहक आला, त्यांनी कार्ड दाखवले, त्याने सवलतीचे तिकीट दिले. मी ते कार्ड बघत राहिलो. मग धीर करून म्हणालो, माझ्या नातीलाही असे कार्ड हवे होते, पण अर्ज नाकारला.

"कुणी नाकारला?"

"तिथल्या साहेबांनी."

"काय कारण दिलं? लिवून दिलं आसंल की. कागद कुठाय?"

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी खिडकीबाहेर बघितले, उसाच्या गाड्यांची रांग चालली होती. आणि कोण कुठल्या त्या बाईंना, ज्यांचे नावही मला माहीत नव्हते, मी सांगून टाकले, "कुणी नाही नाकारला. मीच दिला नाही." मग सगळेच सांगितले. माझी मास्तरकी, नवस, अर्ज, कायमचे या शब्दापुढची खूण.

मला वाटले त्या चिडतील. त्यांनी आपले कार्ड पुन्हा पिशवीतून काढले, त्यासोबतचा दाखला उलगडला आणि माझ्या हातात दिला. "वाचा. माझ्या बी दाखल्यावर कायमचंच हाय. लय बरं झालं. तात्पुरतं लिवलं आसतं तर दर पाच वर्सांनी पुना रांगेत उभं राहावं लागलं आसतं. माझ्या मावसभावाचं बघा, हेलपाटं घालून बेजार झालाय." आणि हसल्या. "तुमी गुरुजी ना? पोरांना अर्ज लिवायला शिकवला आसंल. आपला आज्ञाधारक आणि काय काय. मग सोताच्याच नातीचा अर्ज दाबून बसला व्हय?"

ज्या शब्दाला मी अकरा वर्षे घाबरलो होतो, तो त्या बाई सोयीचा म्हणून पिशवीत घेऊन फिरत होत्या.

माझ्या खिशात अभिषेकाची पावती होती. त्यांनी ती मागून घेतली आणि तिच्या पाठीवर गुडघ्यावर टेकवून लिहू लागल्या. आधी ऑनलाइन नोंदणी, मग दवाखान्यात तपासणी, मग दाखला आणि कार्ड. आधारकार्ड, रेशनकार्ड, फोटो, जुने तपासणीचे कागद असतील तर सगळे. दाखला आला की शाळेतून बोर्डाकडे जादा वेळेचा आणि लेखनिकाचा अर्ज. शिष्यवृत्तीचे शाळेतच विचारायचे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी वेगळा आरोग्यविमा असतो, तो विसरायचा नाही. ग्रामपंचायतीला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो, तिथे तिचे नाव घालायचे. निराधारची पेन्शन घरच्या उत्पन्नावर आणि टक्केवारीवर ठरते, तहसीलला विचारायचे, मिळेलच असे धरून चालायचे नाही. "आन् हे भीक न्हाय हां. पोरीचं हाय ते," एवढे बोलून त्यांनी पावती माझ्या खिशात घातली, बाहेर बघितले आणि ओरडल्या, "आता गं बया! सणसर गेलं की!"

वाहक म्हणाला, "मावशी, मी दोनदा वरडलो. तुमची शाळा चालू हुती."

"आसंल बाबा. भन वाट बघत आसंल माजी."

मी हात जोडले. म्हणालो, "ताई, तुम्हाला देवानेच पाठवले." त्या मोठ्याने हसल्या. "आमचं जय भीमचं घर हाय, गुरुजी. देवाबिवाचं न्हाय आमचं. आन् त्यानं पाठवलं आसतं तर सणसरला उतरवायचं बी ध्यानात ठेवलं आसतं." बारामती स्टँडवर मी त्यांना परतीच्या बसमध्ये बसवून दिले. खिडकीतून त्यांनी आपला नंबर सांगितला आणि म्हणाल्या, "आजच सांगा घरी. उद्या म्हणाला तर पुना पौर्णिमाच उजाडंल."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अर्चना ओट्यापाशी मेथी निवडत होती, तनू पलीकडे भूगोल वाचत होती. मी चप्पल काढून सरळ देवघरात गेलो, फडके सोडले आणि अर्ज अर्चनापुढे ठेवला. उभ्यानेच सगळे सांगितले. तिने मेथीचे हात पदराला पुसले, घडी उलगडली आणि चार वर्षांच्या तनूच्या फोटोवरून बोट फिरवत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होते. मग म्हणाली, "अकरा वर्षं सरकारला शिव्या दिल्या मी, आबा. त्या आता माघारी घिऊ, का तुमाला दिऊ?"

मी म्हणालो, "मला दे."

तिने दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते. पुढे आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. काम मात्र दुसऱ्याच दिवशी सुरू केले, आणि सगळे निरोप तनूच्या तोंडून यायचे. मी समोर बसलेला असताना अर्चना म्हणायची, "आबांना सांग, रेशनकार्डाची झेरॉक्स काढून आणा." तनू माझ्याकडे वळून म्हणायची, "आबा, हितनं फोन आलाय." आठव्या दिवशी तिघेही एकदम हसलो आणि अर्चनाने मला चहा दिला. तिने क्षमा केली का, हे मी अजून विचारलेले नाही. विचारण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

दवाखान्याचे तीन हेलपाटे झाले. दर वेळी कुठे अडले की मी बसमधल्या ताईंना फोन लावायचो, फोनमध्ये त्यांचे नाव तसेच लिहिले आहे. जानेवारीत दाखला हातात आला. दवाखान्याच्या बाहेर कडुलिंबाखाली बसून तनू म्हणाली, "आबा, वाचा की मोठ्यानं." मी चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचावा तसा सगळा वाचला. कायमचे या शब्दापाशी आवाज थोडा हलला, पण वाचला. तिने माझ्या हातातून तो घेतला, नीट पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "झालं? आता देवाला दुसरं कायतरी मागा."

त्या महिन्याच्या पौर्णिमेला मी एकटा गेलो नाही. बरी झाल्यावर न्यायची म्हणून जिला पंधरा वर्षे नेले नव्हते, ती एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने मला धरून एकेक पायरी तिरके पाऊल टाकत चढली. वर पोचायला आम्हाला बराच वेळ लागला. मागच्या लोकांनी वाट दिली, कुणी घाई केली नाही. देवापुढे उभी राहून तिने हळूच विचारले, "आबा, हा माणूस हाय का सिंह?" मी म्हणालो, दोन्ही. "म्हंजी ह्यो बी निम्मा निम्माच की," असे म्हणून तिने डोळे मिटले. इतकी वर्षे मी त्याच मूर्तीपुढे उभा राहून नातीला पुरी कर, पुरी कर म्हणत आलो होतो.

मार्चमध्ये परीक्षा झाली. लेखनिक नको, माझे मी लिहीन म्हणाली, वेळ तेवढा घेतला. पहिल्या पेपरला मी शाळेच्या फाटकाबाहेर बसलो होतो. घंटा झाली, पोरेपोरी कलकलाट करत बाहेर आली, आपापल्या घरी गेली, आवार शांत झाले. माझी नात आत लिहीत होती. मी सवयीने हात जोडले आणि काय मागावे ते आठवू लागलो, तर काही आठवेना. शरण जाणे मी इतकी वर्षे ओठांनी म्हणत होतो, पण प्रत्येक वेळी माझी अट घेऊनच जात होतो. त्या दिवशी अट नव्हती. खिशात अभिषेकाची जुनी पावती होती, ती दोन्ही बाजूंनी वाचली. एका बाजूला देवाचे नाव, दुसऱ्या बाजूला त्या ताईंचे अक्षर. दोघांनाही नमस्कार केला आणि निवांत बसून राहिलो. तिचा वेळ अजून संपला नव्हता.