काचबाई आणि शाईसारखा चहा

काचबाई सासूला चहातून काहीतरी चारते, ही कुजबूज निघाली ती तळमजल्यावरच्या शिवणवालीच्या दुकानातून. तिथे कपड्यांच्या मापांबरोबर अख्ख्या इमारतीची मापं निघत.

"मी कशाला कुणाचं वाईट बोलू?" शिवणवाली म्हणाली. दातांत चार टाचण्या होत्या, पण एक अक्षर अडखळलं नाही. "पण म्हातारीचा चहा काळा होतो. एका किटलीतला चहा, आणि तिचाच तेवढा काळा! सून कामाला कुठे आहे, तर जिथे विषाच्या बाटल्या कपाटात असतात तिथे. आता तुम्हीच काय ते समजा."

लोक समजले. दुपारी निघालेली बातमी संध्याकाळच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचली. एवढे जिने चढूनही तिला धाप लागली नाही.

काचबाई मुलींच्या शाळेत रसायनाच्या प्रयोगशाळेची मदतनीस होती. एकवीस वर्षं परीक्षानळ्या धुवून तिला एक खोड जडली होती. कुठलीही काचेची वस्तू हाती आली की ती खिडकीकडे धरायची आणि एक डोळा मिटून आरपार बघायची. घरातले पेलेसुद्धा सुटत नसत. तिच्या लग्नात म्हणे तिने सरबताचा पेलाही तसाच धरला होता, पण हे शिवणवालीने सांगितलेलं, तेव्हा चार आण्यांचं खरं.

वार्षिक परीक्षेला मुलींना जे क्षार ओळखायला देत, त्यांच्या नंबर घातलेल्या पुड्या काचबाईच बांधायची. कुठल्या पुडीत तांबं, कुठल्या पुडीत शिसं, हे तिला आठ दिवस आधी ठाऊक असे. मुली खाऊ घालून बघत, रडून बघत. काचबाई खाऊ खायची, डोळे पुसायची आणि तोंडातून ब्र काढायची नाही. प्रयोगाच्या तासाला मात्र शिकवणाऱ्या बाईंच्या मागून हळूच सांगायची, "एका खुणेवर कुणाला फाशी देऊ नका गं. दुसरी खूण मागा."

आता तिच्यावरच एका खुणेवर फाशीची पाळी आली होती.

घरात माणसं चार. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर चालक, पंधरा दिवसांतून दोनदा घरी. सासरे जुने घड्याळजी, दुकान कधीच बंद केलेलं, पण हत्यारांची पेटी उशाशी. आणि सासू, जिचा आवाज घड्याळांच्या सगळ्या गजरांना पुरून उरला होता. चहा काचबाई करायची, पण सासूचा कप खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत नेऊन द्यायचा तो सासऱ्यांनीच. चाळीस वर्षांचा रिवाज होता तो. पहिल्या भांडणानंतर समेटासाठी एकदा नेला, तो गळ्यातच पडला.

गेले पंधरा दिवस तो कप शाईसारखा काळपट व्हायचा.

"किल्ली चोखल्यासारखं लागतंय," सासू म्हणाली. "मी आपली लेकीकडे जाते. रविवारी. तिथे निदान चहा चहासारखा मिळेल."

"आई, कप बदलून बघू का?" काचबाईने विचारलं.

"कप नको बदलूस. बुद्धी बदल."

सासूने खरंच बॅग काढली आणि दारातच उघडी ठेवली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

इथवर काचबाईने हसून सोडलं असतं. पण शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी तिला बोलावलं. त्यांच्या पोलक्याची बाही शिवणवालीकडे होती.

"बाई, गैरसमज करून घेऊ नका," त्या टेबलावरची पेनं सरळ करत म्हणाल्या, "पण रसायनांच्या कपाटाची किल्ली काही दिवस माझ्याकडे असू दे."

एकवीस वर्षं कमरेला असलेली किल्ली काचबाईने टेबलावर ठेवली. ती जागा दिवसभर हलकी हलकी लागली. दात पडला की जीभ जशी तिथेच जाते, तसा तिचा हात तिथे जात राहिला.

शनिवारी सकाळी सासूने अर्धा टाकलेला कप तिने तसाच बाटलीत ओतला आणि शाळेत नेला.

"मॅडम, किल्ली तुमच्याच हातात राहू दे. कपाट तुम्ही उघडा, मी सांगते ती बाटली काढा, आणि समोर उभ्या राहा."

मुख्याध्यापिका मूळच्या भूगोलाच्या. ज्वालामुखी त्यांना कळत, परीक्षानळी नाही. पण उभ्या राहिल्या.

काचबाईने चहा निथळून टाकला. तळाशी हिरवट पांढरे कण होते. ते पाण्यात विरघळवून, गाळून, तिने दोन नळ्यांत घेतले. चहा काळा पडतो म्हणजे लोह, एवढं तिला रंगावरूनच कळलं होतं. जुन्या काळी शाई अशीच करत. तिला वाटत होतं की सासूच्या आवडत्या चमच्याला गंज चढला असेल. गंजाचं लोह असेल तर कॉस्टिक सोड्याने विटकरी तपकिरी साका बसायला हवा.

तिने थेंब टाकले. साका बसला तो मळकट हिरवा, डबक्यातल्या शेवाळासारखा.

"हे काय?" मुख्याध्यापिका.

"गंज नव्हे हे. फेरस आहे. ताजं लोह." तिने नळी खिडकीकडे धरून एक डोळा मिटला. "थांबा, दुसरी खूण बघू. ती पोटॅशियम फेरिसायनाइडची बाटली द्या."

मुख्याध्यापिकांनी लेबल वाचलं आणि बाटली एकदम चिमटीत धरली. "अहो, यात सायनाइड लिहिलंय!"

"नावात आहे, मॅडम. नावावर जाऊ नका."

दुसऱ्या नळीत एक थेंब पडला आणि द्रावण गडद निळं झालं. पहिल्या नळीत तोवर हिरव्या साक्याच्या वरच्या कडेला तपकिरी छटा येऊ लागली होती. हवेने फेरस असंच गंजायला लागतं. आता शंकेला जागा नव्हती.

"आणि हे फेरस," मुख्याध्यापिकांनी घसा खाकरला, "आपल्या कपाटात आहे?"

"आहे ना. खालच्या फळीवर, हिरवे खडे."

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. मुख्याध्यापिका वाकल्या. बाटली होती, आणि हवा लागू नये म्हणून बुचावर ओतलेलं मेण गेल्या वर्षीच्या तारखेसकट अखंड होतं. त्यांनी ते दोनदा बोटाने चाचपलं. मग किल्ली काचबाईच्या हातावर ठेवली.

"माझी बाही शिवून झाली, की मी शिंपीण बदलणार आहे," एवढंच म्हणाल्या.

किल्ली कमरेला परत आली, पण घरातली बॅग अजून उघडीच होती. शाळेच्या कपाटाबाहेर हिरवं फेरस आणखी कुठे असतं, याचा विचार करत काचबाई घरी आली आणि जिन्यातच थबकली. औषधात! महिन्यापूर्वी डॉक्टरांनी सासूचं रक्त आठावर आलंय म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. "असली घोड्यांची औषधं मी घेणार नाही," असं म्हणून सासूने पहिलीच गोळी कुंडीत थुंकली होती. काचबाईने औषधांचा डबा उघडला. गोळ्यांच्या पाकिटांत कुंडीतली ती एक सोडून आणखी पंधरा घरं रिकामी होती.

रविवारी सकाळी चहा करून ती दाराआड उभी राहिली. सासऱ्यांनी सासूचा कप घेतला. डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं. चिमट्याने एक गोळी काढली, कागदावर ठेवली, केसाएवढ्या दांड्याच्या हातोडीने टक टक कुटली आणि कागदाची पन्हळ करून कपात सोडली. एक कण बाहेर सांडला नाही.

"बाबा!"

म्हातारा दचकला. भिंग डोळ्यावरून निसटून दोरीला लोंबू लागलं.

"सूनबाई, तिला सांगू नकोस गं," तो पुटपुटला. "तिला कळलं तर माझ्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. बघ ना, परवा जिना न थांबता चढली."

"आणि खाली माझ्या नावाने शिमगा चाललाय, तो?"

म्हातारा चिमटा पेटीत ठेवू लागला. शेजारच्या खोलीत सासू बॅगेत चपला कोंबत होती. बोलावं तर नाव धुऊन निघेल, पण सासूच्या अंगात भरू लागलेलं रक्त पुन्हा उतरेल. न बोलावं तर... शिवणवालीची मशीन काही बंद पडणार नव्हती.

"तुम्ही निवडलात तोही चहाच!" ती शेवटी म्हणाली. "चहा लोहाला धरून बसतो. निम्मी गोळी फुकट जाते, आणि वर काळा रंग. संत्र्याच्या रसातून द्यायचं. रंग नाही, चव नाही, अंगीही जास्त लागतं."

"पण तुझ्यावर आळ राहतो की गं."

"राहू दे, बाबा. परीक्षेआधी उत्तर फोडायची मला सवय नाही."

तिने तो कप मोरीत ओतला आणि नवा चहा गाळला. सासऱ्यांनी तो नेऊन दिला, आणि सून आता रोज संत्र्याचा रसही देणार आहे म्हणून सांगितलं. सासूने घोट घेतला, कपात पाहिलं, आणखी एक घोट घेतला. मग बॅगेतल्या चपला बाहेर काढून पायांत घातल्या आणि थेट शिवणवालीकडे उतरली.

"बॅग भरली तशी सुतासारखी सरळ आली बघ!" तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू आला. "नुसता धाक हवा. आता तर रोज संत्र्याचा रस देते म्हणतेय. अपराधी मन, दुसरं काय!"

वर काचबाई रसाचा पेला खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून आरपार बघत होती. तळाशी कण दिसत नव्हता. तिला हसू आवरेना.

सासऱ्यांची नजर पुढे मंदावली, तेव्हा हातोडी आणि चिमटाही काचबाईकडे आला. डॉक्टरांनी रक्त साडेअकरा सांगितलं, त्या दिवशी सासूने त्याचं सगळं श्रेय स्वतःच्या सावधपणाला दिलं. शिवणवालीने मान डोलावली. काचबाईने सगळ्यांना चहा केला.

तेव्हा खरं ते असं. काचबाई सासूला, तिला न सांगता, रोज काहीतरी चारत होती. डॉक्टरांनी लिहून दिलेली लोहाची गोळी, दिवसाला एक, संत्र्याच्या रसातून.